शहरात शिरायचं कसं, बाहेर पडायचं कसं: बँकॉक ते सिंगापूर सायकलवर

लांब पल्ल्याची सायकल सफर एकट्याने करायची म्हटलं की डोळ्यासमोर येतात ते घाट, ऊन आणि पंक्चर. आग्नेय आशियाच्या या पट्ट्यात तिन्हींचा बंदोबस्त करता येतो. थायलंडच्या महामार्गांना कडेने रुंद पट्टी असते, खायला-प्यायला जागोजागी मिळतं, वाहनचालक सायकलला सांभाळून घेतात. माणूस दमतो, घाबरतो आणि चुकतो तो मोठ्या शहराच्या वेशीवरच्या शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये. दिवसभराचं अंतर पायात उतरलेलं असतं, अंधार पडायला आलेला असतो, चार पदरी रस्ता बघता बघता दहा पदरी होतो, मोबाइलवरचा नकाशा उड्डाणपुलावर चढा म्हणतो आणि पुलाच्या तोंडाशी सायकलला बंदी असल्याची पाटी असते. म्हणून सफर आखताना आधी शहरं घ्या. कुठल्या शहरात कोणत्या बाजूने, कोणत्या वारी, किती वाजता शिरायचं आणि तिथून कसं निसटायचं हे ठरलं की मधला रस्ता सहज बसवता येतो.

पहिल्यांदाच एकटं जाणाऱ्याला मी बँकॉक ते सिंगापूर हीच वाट सुचवते. थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर या तिन्ही देशांत वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमध्ये ती उजवीकडून चालतात. चौकात वळताना मान सवयीने चुकीच्या दिशेला वळते, आणि ही सवय मोडायला काही दिवस जातात. बँकॉकहून नॉम पेन्ह करत हो चि मिन्ह गाठण्याची वाटही लोकप्रिय होती. पण २०२५ च्या जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई जुंपली आणि रस्त्यावरचे नाके बंद झाले. तिकडे जायचंच असेल तर नाके खुले आहेत याची खात्री झाल्याशिवाय तिकीट काढू नका.

अंतर दोन हजार किलोमीटरच्या थोडं वर. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर धरले, मोठ्या शहरात दोन-तीन रात्री धरल्या, तर चाळीस दिवस हाताशी हवेत. तीस दिवसांत होतं, पण मग शहरं नुसती ओलांडली जातात. पिनांग आणि मलाक्का धावत बघण्यापेक्षा चुम्फोनपर्यंत रेल्वेने गेलेलं बरं. थाय रेल्वेच्या काही लांब पल्ल्याच्या गाड्यांना सामानाचा डबा असतो आणि वेगळं शुल्क भरून त्यात सायकल चढवता येते.

निघायची वेळ जानेवारीचा मध्य. थायलंडच्या आखाताकडच्या किनाऱ्यावर, म्हणजे चुम्फोन, सुरत थानीच्या बाजूला, ऑक्टोबर ते डिसेंबर जोरदार पाऊस असतो, नोव्हेंबरात तर पूर येतात. जानेवारीत तो ओसरतो, फेब्रुवारीत तुम्ही मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचता आणि तिथे तेव्हा त्यातल्या त्यात कोरडे दिवस असतात. उशीर करत मार्चअखेर निघालात तर एप्रिलचा उकाडा आणि १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान वाट्याला येईल. त्या सणात रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर पाणी फेकतात आणि त्याच दिवसांत थायलंडमध्ये रस्ते अपघात फार होतात. ते तीन दिवस सायकल खोलीतच ठेवावी. चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं. तेव्हा पिनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये आणि मलाक्क्यात खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे तारीख बघून आरक्षण करा. रमजान वाटेत आला तरी अडत नाही. मलय हॉटेलं दिवसा बंद असली तरी चिनी आणि तमिळ खानावळी चालू असतात.

कागदपत्रांत कसर ठेवू नका. डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीय पासपोर्टवर तीस दिवस, आणि जुलै २०२४ पासून थायलंडने साठ दिवस व्हिसाविना राहायची सवलत दिली. या सवलती सरकारं मुदतीने वाढवतात, कमी करतात, काढूनही घेतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाचं संकेतस्थळ उघडून त्या दिवशीचा नियम वाचा. सिंगापूरला मात्र आपल्याला व्हिसा लागतोच आणि तो भारतातून निघायच्या आधी काढून ठेवायचा. वाटेत क्वालालंपूरला बसून काढू असं ठरवलं तर आठवडा हातचा जाईल. तिन्ही देशांत शिरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. थायलंडने १ मे २०२५ पासून ते सक्तीचं केलं. ही पत्रं सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतात. पैसे मागणारं पान उघडलं तर ते दलालाचं आहे हे ओळखा.

तयारीसाठी दूर कुठे जायची गरज नाही. आपलं कोकण ही या सफरीची उत्तम तालीम आहे. ऑक्टोबरच्या घामट उन्हात अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरा. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींतून सायकल न्या आणि सामान लादून सलग आठवडाभर चालवा. थायलंडचा किनारा कोकणापेक्षा खूपच सपाट आहे, पण दमटपणा तोच. शरीर किती पाणी मागतं, दुपारी किती वाजता पाय जड होतात, मांड्या कुठे घासल्या जातात हे इथेच कळून आलं पाहिजे. कुठलाही सामानाचा तुकडा पहिल्यांदा परदेशात वापरू नका, मग ते खोगीर असो, बूट असोत की पॅनिअरच्या पिशव्या.

सायकल साधीच बरी. पोलादी किंवा ॲल्युमिनियमची, पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंद टायर बसणारी आणि मागच्या कॅरिअरला भक्कम नट असलेली असावी. सगळं सामान मिळून बारा-तेरा किलोच्या वर नको. तंबू न्यायची गरज मला वाटत नाही, कारण या वाटेवर जवळजवळ रोज स्वस्त खोली मिळते. हँडलच्या उजव्या टोकाला आरसा मात्र हवाच. एकट्याला मागून काय येतंय हे सांगणारं दुसरं कोणी नसतं.

पंक्चरचं मुख्य कारण इथे काच किंवा खिळा नसतं. ट्रकची टायरं फुटतात, त्यांच्यातल्या पोलादी जाळीचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरतात आणि नेमके सायकलच्या पट्ट्यात साठतात. असा तुकडा टायरात शिरला की बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलता, हवा भरता, पाच किलोमीटरवर पुन्हा चाक बसतं. म्हणून पंक्चर झालं की आधी टायरचा आतला भाग बोटाने हळूच चाचपा, कापूस फिरवला तर आणखी चांगलं, कारण जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. ती काढायला बारीक चिमटा हत्यारांच्या पिशवीत हवा. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं हत्यार, दोन-चार स्पोक, ब्रेकचे पॅड आणि एक गिअरची केबल एवढं पुरतं. मोठी दुरुस्ती बँकॉक, पिनांग किंवा क्वालालंपूरमध्ये होते.

विमानासाठी सायकल खोक्यात भरावी लागते. शहरातल्या सायकलच्या दुकानात मागितलं तर नव्या सायकलीचं रिकामं खोकं मिळतं. पेडल काढताना लक्षात ठेवा, डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. मागचा डिरेलर काढून कापडात गुंडाळा, टायरमधली हवा कमी करा. पॉवर बँक खोक्यात टाकायची नाही, ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. विमान कंपनीचं सायकलचं शुल्क आणि वजनाची मर्यादा तिकीट काढतानाच लेखी विचारून घ्या.

आता बँकॉक. सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात तर लगेच शहराकडे पळू नका. विमानतळाच्या जवळपास दोन रात्री काढा. तिथे विमानतळाच्या हद्दीला लागून २३.५ किलोमीटरचा, फक्त सायकलींसाठी बांधलेला वर्तुळाकार मार्ग आहे, हॅपी अँड हेल्दी बाइक लेन. नाव नोंदवून फुकट चालवता येतं. जोडलेली सायकल सामानासकट तिथे एक फेरी मारून आणा. गिअर कुठे घसरतोय, पॅनिअर टाचेला लागतोय का, ब्रेक घासतोय का, हे मोटारींच्या गर्दीत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. शिवाय थाय हवेची पहिली ओळख निवांत होते.

शहरात शिरताना रविवार सकाळ धरा. बँकॉकचे मोठे रस्ते सायकलला प्रतिकूल आहेत, पण सोई म्हणजे गल्ल्या आणि कालव्यांच्या कडेच्या वाटा कामाला येतात. चौकातले उड्डाणपूल सायकलसाठी नाहीत. पुलाखालचा डावीकडचा रस्ता धरायचा आणि सिग्नलला मोटारसायकली जिथे पुढे जमतात तिथे, त्यांच्या डाव्या टोकाला उभं राहायचं. एक्स्प्रेसवे आणि मोटरवेवर तर चुकूनही चढू नका. शहरातला एक दिवस बांग क्राचाओला द्या. ख्लोंग तोईच्या धक्क्यावरून छोटी होडी चाओ फ्राया नदीपलीकडे नेते आणि समोर झाडीत, पाण्यावर उंच बांधलेल्या अरुंद वाटा सुरू होतात. त्या वाटांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, म्हणून पॅनिअर खोलीवर ठेवून जा.

बँकॉकमधून दक्षिणेला बाहेर पडणं हा या सफरीतला सगळ्यात अवघड टप्पा. नकाशा 'राम दुसरा' नावाचा महामार्ग दाखवेल. तिथे वर्षानुवर्षं उन्नत रस्त्याचं बांधकाम चालू आहे, गंभीर अपघात झाले आहेत, कंटेनरची रांग आहे. तो टाळाच. त्याऐवजी वोंगवियान याई स्थानकातून महाचाईला जाणारी छोटी, जुनी आगगाडी पकडा. स्थानक बाजारात दडलेलं आहे, चटकन सापडत नाही. सकाळच्या कामावरच्या गर्दीत सायकल चढवायचा प्रयत्न करू नका. दहानंतर गाडी मोकळी असते, तेव्हा गार्डला विचारून शेवटच्या डब्यात सायकल दाराशी धरून उभं राहायचं. तासाभरात महाचाई येतं. गाडी अक्षरशः मासळीबाजारात थांबते. तिथून शंभर पावलांवर था चिन नदीची फेरीबोट आहे, तिच्यात मोटारसायकली आणि सायकली सरसकट चढतात. पलीकडे उतरलात की बँकॉक मागे राहिलं. मिठागरांमधून जाणारे गावरस्ते समुत सोंगख्रामकडे नेतात, वाऱ्याला खारट वास असतो, आणि मागून हॉर्न वाजवणारं कोणी नसतं. सुटी साधली तर अम्फावाचा तरंगता बाजार शुक्रवार ते रविवार संध्याकाळी भरतो, मुक्काम तिथेच करा.

पुढे बांग ताबून, लेम फाक बिया, हात चाओ समरान, चा-आम असा किनाऱ्याचा रस्ता हुआ हिनपर्यंत जातो. फेतकासेम मार्ग, म्हणजे थायलंडचा चार क्रमांकाचा महामार्ग, त्याला समांतर पण आत आहे. बँकॉकहून मलेशियाच्या सीमेपर्यंत जाणारा तो सुमारे तेराशे किलोमीटरचा रस्ता थायलंडमधला सर्वांत लांब. अधूनमधून त्यावर यावंच लागतं, पण शक्य तिथे किनारा धरा. महामार्गाच्या कडेच्या पट्टीत समोरून उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली भेटतील, त्यांना बाजूला जोडलेली खाऊची गाडीही असते. चिडू नका, वेग कमी करा, आरशात बघा आणि मगच उजवीकडून वळसा घाला.

प्रचुआप खिरी खान, बांग सफान, चुम्फोन हे दिवस सोपे आणि सुंदर आहेत, त्यांच्याबद्दल फार सांगायची गरज नाही. सुरत थानीला मात्र नदीकाठी थोडं थांबा. १९१५ मध्ये राजा सहावा राम याने गुजरातच्या सुरतेवरून या शहराला नाव दिलं आणि नदीला नाव दिलं तापी. खानदेशातून वाहणारी तापी ज्यांनी रोज पाहिली आहे त्यांना इतक्या दूर तिच्या नावाच्या नदीचा पूल ओलांडताना काय वाटेल ते मी सांगायला नको.

सुरत थानीनंतर वाट निवडताना सावध राहा. पत्तानी, याला, नराथिवात हे प्रांत आणि सोंगख्लाचे काही तालुके इथे अनेक वर्षं सशस्त्र संघर्ष चालू आहे. प्रवास विमा तिथे लागू होत नाही असं अनेक पॉलिसींत लिहिलेलं असतं. त्यामुळे पूर्व किनारा सोडून त्रांगमार्गे सातूनला या आणि वांग प्राचानच्या नाक्यावरून मलेशियात शिरा. डोंगरातला, झाडीतला, शांत नाका आहे. रात्री तो बंद असतो. पलीकडे वांग केलियानहून काकी बुकितला जाताना उभा चढ आहे, तिथे सायकल ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही.

सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे करा. हा तास फार महत्त्वाचा आहे. जानेवारीत बँकॉकला पावणेसातला सूर्य उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. फेब्रुवारीत मलेशियात तो सव्वासात-साडेसातला उगवतो आणि तितक्याच वाजता मावळतो. थायलंडमध्ये साडेसहाला निघायची सवय लागलेली असते. त्याच वेळेला मलेशियात निघालात तर मिट्ट काळोख असतो. तिथे सव्वासातला निघा आणि दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठा, कारण दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. वीज चमकायला लागली की उघड्या रस्त्यावर पुढे रेटायचं नाही. मलेशियन मोटारसायकलस्वार पुलाखाली थांबतात, तुम्हीही त्यांच्यात जाऊन उभे राहा.

केडाच्या भातशेतीच्या पट्ट्यातून अलोर सतार, तिथून बटरवर्थ. केडा राज्यात आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार असते, म्हणजे रविवारी सकाळी तिथे कामाची गर्दी असते, हे ध्यानात ठेवून दिवस आखा. पिनांग बेटावर जायला पूल आहे, पण त्यावर सायकल चालत नाही. बटरवर्थहून फेरीबोटीने जॉर्ज टाउनला उतरा. मोठ्या शहरात शिरण्याचा याहून सोपा मार्ग अख्ख्या सफरीत नाही, बोटीतून उतरताच जुनं शहर सुरू होतं. जॉर्ज टाउन आणि मलाक्का या दोन्हींना युनेस्कोने २००८ मध्ये एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथे तीन रात्री राहा, सायकल धुऊन घ्या, चेनची झीज तपासा.

शाकाहाऱ्यांनी थायलंडमध्ये 'जे' हा शब्द पाठ करावा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो आणि अशा दुकानात मासळीचा सॉससुद्धा वापरत नाहीत. एरवी भाजीतही तो असतो, नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. मलेशियात प्रश्नच मिटतो. तमिळ खानावळीत केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या मिळतात, तमिळ मुस्लिमांच्या ममाक दुकानात रात्री उशिरापर्यंत रोती चनाई आणि फेसाळ चहा. पाण्यासाठी थायलंडच्या गल्लोगल्ली नाणं टाकून बाटली भरून देणारी यंत्रं आहेत. क्षारांच्या पुड्या घरूनच न्या आणि तहान लागायची वाट न बघता प्या.

पिनांगहून क्वालालंपूरला जुन्या एक क्रमांकाच्या रस्त्यानेही जाता येतं, इपोहमार्गे. पण त्या बाजूने शहरात शिरताना वाहतूक फार. मी ताइपिंगहून किनाऱ्याकडे वळायला सांगेन: सितियावान, तेलुक इंतान, सेकिंचानची भातखाचरं, क्वाला सेलांगोर. शेवटचा मुक्काम क्वाला सेलांगोरला करा म्हणजे शहरात शिरायला सकाळ मिळते आणि अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास राहतं. क्लांगहून फेडरल हायवेच्या कडेने मोटारसायकलींची स्वतंत्र लेन शहराच्या दिशेने जाते, स्थानिक सायकलस्वारही ती वापरतात. ती अरुंद आहे, भुयारी वळणं आहेत, म्हणून पुढचा आणि मागचा दिवा दिवसाही लावा, डावीकडे राहा आणि रात्री किंवा पावसात एकटं तिच्यात शिरू नका. नॉर्थ-साउथ एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे.

मलेशियातल्या साध्या रस्त्यांवरही एक जागा जीव टांगणीला लावणारी असते, ती म्हणजे डावीकडे फुटणारा फाटा. तुम्हाला सरळ जायचं असतं आणि मागून वेगाने येणाऱ्या मोटारी तुमच्या पुढून डावीकडे उतरतात. दोन प्रवाहांच्या मध्ये चालवत राहणं धोक्याचं. फाट्याच्या कडेनेच थोडं आत जा, जिथे मागचं लांबपर्यंत दिसतं तिथे पाय टेका, मोकळीक मिळाली की सायकल आडवी करून सरळ रेषेत पलीकडे न्या आणि मग पुढे चला. अर्धं मिनिट जातं. शहराजवळच्या प्रत्येक फाट्यावर हे करायचं, कंटाळा आला तरी करायचं.

क्वालालंपूरमध्ये ठरावीक रविवारी सकाळी मध्यवर्ती रस्ते मोटारींना बंद असतात, तेव्हा गगनचुंबी इमारतींच्या मधून निर्धास्त फिरता येतं. बाहेर पडताना पोर्ट डिक्सनकडे जा आणि तिथून पाच क्रमांकाचा किनारी रस्ता धरा. मलाक्का, मुआर, बातू पाहात, पोंतियान. मलाक्क्यापासून जोहोर बारूपर्यंतचे सव्वादोनशे किलोमीटर छोट्या गावांतून जातात आणि तीन दिवसांत आरामात होतात.

एकटं असणं हा वेगळा विषय आहे. रोज संध्याकाळी घरच्या एकाच माणसाला ठरल्या वेळी ठिकाण कळवा, आणि कळवलं नाही तर त्याने किती तासांनी कुणाला फोन करायचा हेही आधीच ठरवा. बाई एकटी असेल तर या वाटेवर घाबरण्यासारखं फार काही नाही, असं मी अनुभवाने सांगते. थाय बाजारातल्या बायका स्वतःहून चौकशी करतात, त्यांना 'पा' म्हणजे मावशी म्हणून हाक मारा. मलय बाईला 'माकचिक' म्हणा. सायकलस्वारांना घरात उतरवून घेणाऱ्या वॉर्मशॉवर्सच्या जाळ्यातलं घर निवडताना आधी राहून गेलेल्या बायकांचे अभिप्राय वाचा. खोली घेताना पहिला प्रश्न 'सायकल आत ठेवता येईल का' हा. नाही म्हणाले तर दुसरं ठिकाण बघा.

थायलंडमधली भटकी कुत्री गंभीरपणे घ्या. जाण्याआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. कुत्री धावून आली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, शांतपणे चालत पुढे जा. चावा किंवा साधा ओरखडा आला तरी पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विम्यात सायकल प्रवास आणि रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा. पैशांबाबत एवढंच: थाय एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे वीस बाटच्या आसपास शुल्क कापतं, म्हणून एकदम मोठी रक्कम काढा आणि दोन ठिकाणी विभागून ठेवा.

शहरात सकाळी लवकर शिरा हा नियम सिंगापूरपाशी उलटा होतो. जोहोर बारूला राहणारे हजारो कामगार पहाटेपासून मोटारसायकलवरून सिंगापूरकडे निघतात आणि सायकललाही दोन देशांना जोडणाऱ्या कॉजवेवर त्यांच्याच लेनमधून जावं लागतं. त्या लोंढ्यात सामान लादलेली सायकल सांभाळणं कठीण, आणि सगळ्यांना कामावर पोहोचायची घाई असते. निवांत नाश्ता करा, दहानंतर निघा. मोटारसायकलींच्या पाट्या धरून जोहोर बारूच्या नाक्यावर पासपोर्टवर शिक्का घ्या, मग साधारण किलोमीटरभराचा कॉजवे. सिंगापूरच्या बाजूला, वुडलंड्सच्या नाक्यावर, स्वयंचलित फाटक सोडून अधिकारी बसलेल्या खिडकीकडे जा.

सिंगापूरमध्ये नियम काटेकोर आहेत आणि पाळावेत. रस्त्यावर सायकल चालवताना हेल्मेट २०१९ पासून सक्तीचं आहे. पदपथावर सायकल चालते, पण वेग ताशी १० किलोमीटरच्या आत हवा; सायकलमार्गावर २५. एक्स्प्रेसवेवर बंदी. वुडलंड्सहून शहरात जायला मोठे रस्ते कशाला? मलेशियाकडून येणारी रेल्वे २०११ मध्ये तांजोंग पगारपर्यंत यायची बंद झाली आणि तिच्या मार्गाची चोवीस किलोमीटरची रेल कॉरिडॉर वाट झाली. क्रांजीजवळ ती पकडा. जुने लोखंडी पूल आणि बुकित तिमाचं जपलेलं स्थानक लागतं, दोन्ही बाजूंना झाडी असते, आणि तुम्ही मोटारीच्या वाटेला न जाता थेट शहराच्या पोटात पोहोचता. काही भाग खडीचा आणि गवताचा आहे, पावसानंतर सावकाश.

परतीचं विमान चांगीहून असेल तर टॅक्सी करायची गरज नाही. ईस्ट कोस्ट पार्कच्या समुद्राकाठच्या मार्गाने जा. तिथून साडेतीन किलोमीटरची जोडवाट टर्मिनल दोनपर्यंत नेते, २०२० मध्ये ती खुली झाली. टर्मिनलजवळ पैसे भरून अंघोळीची सोय आहे. खोक्याचं मात्र दोन दिवस आधी ठरवा. विमानतळावरच्या सामान ठेवायच्या काउंटरकडे विचारा, किंवा शहरातल्या सायकल दुकानाकडून खोकं घेऊन खोलीवरच भरा आणि मोठी गाडी बोलवा. विमानाच्या चार तास आधी पोहोचा, कारण अवजड सामानाची रांग वेगळी असते आणि पेडलचा घट्ट बसलेला आटा सैल करायला नेहमीच वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.